पाणी सुटलं का?

कोलाडला राफ्टिंगसाठी सव्वाआठला नदीकाठी पोचलो तेव्हा कुंडलिकेत पाण्यापेक्षा दगडच जास्त दिसत होते. राफ्ट काठावर ओढून ठेवलेल्या, गाइड मंडळी चहा पीत बसलेली. भाचा म्हणाला, "मामा, यात बोट कुठे चालवणार?" मलाही तेच वाटत होतं. गाइडदादांना विचारलं तर म्हणाले, "वरून पाणी सुटलं की निघायचं."

कोलाडचं राफ्टिंग पावसावर नाही, विजेवर चालतं. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पाइपांतून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि तिथून कुंडलिकेत येतं. हे वीजघर 1927 पासून चालू आहे. म्हणजे मुळा नदीतून भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी इथे अरबी समुद्राच्या वाटेला लागतं. म्हणून तर बाकीच्या नद्या आटलेल्या असताना मे महिन्यातही इथे फेसाळतं पाणी मिळतं. याच मुळशी धरणाविरुद्ध 1921 मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. सेनापती बापट त्यात होते. पुण्याहून ताम्हिणी घाटाने आलात तर तो जलाशय रस्त्यालगतच दिसतो. आम्ही तिथे फोटोपुरते थांबलो, आणि मग त्यात बुडालेल्या गावांचा विचार करून जरा ओशाळलोही.

आम्हाला साडेसातला बोलावलं होतं. आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो म्हणून मी रस्ताभर घरच्यांवर चिडचिड केली, आणि पाणी आलं साडेनऊला! तेव्हा आदल्या रात्री फोन करून 'उद्या पाणी आहे का, किती वाजता' एवढं नक्की विचारा.

पाणी आलं ते मात्र बघण्यासारखं. आवाज नाही, लाट नाही. बघता बघता एकेक दगड बुडत गेला.

राफ्टमध्ये बसण्याआधी लाइफ जॅकेट स्वतः तपासा. दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्या धरून वर खेचायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. माझं आलं. घाईत कोणी बघितलं नव्हतं, मीच बदलून मागितलं. अशा वेळी भिडेखातर गप्प बसू नका. चष्म्याला दोरी बांधा. माझा चष्मा तिसऱ्या उताराला गेला तो गेलाच, परतीला गाडी बायकोने चालवली. चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट घाला. जीन्स तर नकोच, भिजली की अंगावर पोतं बांधल्यासारखं होतं.

पडलात तर पाठीवर व्हा, पाय पुढे आणि पाण्याच्या वर ठेवा. वाहत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका, दगडात पाय अडकतो आणि पाणी डोकं खाली दाबतं. गाइडदादांनी हे तीनदा सांगितलं, तरी आमच्यातले एक काका पडल्यावर पहिल्यांदा उभेच राहायला गेले. गाइडने जॅकेट धरून त्यांना आत ओढलं, तेव्हा कुठे बाकीच्यांचं लक्ष सूचनांकडे गेलं.

साधारण 12 किलोमीटरचा पल्ला, दोनेक तास लागतात. उतार सगळे सुरुवातीला. शेवटी संथ पाणी लागतं, तिथे जॅकेटवर तरंगत जाता येतं. मला विचाराल तर हाच भाग सगळ्यात छान. दोन्ही काठांना झाडी, वर घारी, आणि कोणी "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" ओरडत नाही. आमच्या बहिणीच्या दहा वर्षांच्या धाकटीला मात्र घेतलं नाही. ती काठावर रुसून बसली. लहान मुलं असतील तर वयाची अट आधीच विचारून घ्या.

दुपारी माशाचं जेवण जेवून पुन्हा काठावर गेलो, तर सकाळचे दगड परत वर आले होते. मुंबईहून नुकतंच पोचलेलं एक कुटुंब जॅकेटं घालून उभं होतं आणि गाइडला विचारत होतं, "पाणी कधी सुटणार?" गाइड म्हणाला, "उद्या सकाळी."