लसणाचा वास

सोमवारी सकाळी पावणेआठला टूलरूमचं कुलूप काढलं तेव्हा मला कसलाही वास आला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी कहाणी त्याच्यावरच उभी आहे.

नवतपा, मे अखेरचे ते नऊ जळते दिवस, सुरू होता. नागपूरकराला याहून जास्त सांगावं लागत नाही. आमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट हिंगणा एमआयडीसीत आहे. ट्रस, गेट, टाक्यांचे स्टँड, कोणाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची चेसिस, येईल ते काम. मी तिथला फोरमन. टूलरूम म्हणजे शेडच्या कोपऱ्यातली दहा बाय बारा फुटांची विटांची खोली, वर पत्रा. खिडकी होती, पण चोरांच्या भीतीनं तिच्यावरही पत्रा ठोकलेला. रात्री गॅस कटिंगची ट्रॉली, म्हणजे ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन असे दोन सिलेंडर, पाइप आणि लोखंड कापायचा टॉर्च लावलेली गाडी, आम्ही याच खोलीत कोंडायचो, कारण मागच्या दिवाळीत दोन पितळी रेग्युलेटर भंगारचोरांनी नेले होते आणि तेव्हापासून शेठचा हुकूमच होता, ट्रॉली आत आणि कुलूप बाहेर. ॲसिटिलीनचा सिलेंडर बंद खोलीत ठेवायचा नसतो हे मला माहीत होतं. शेठला मी सांगितलंही होतं. एकदा.

दार अर्धंच उघडलं होतं. आमचा हेल्पर, भिवापूरकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा, त्यानं सवयीनं हात आत घातला. बोर्ड दाराच्या मागेच आहे, आणि उन्हाळ्यात सकाळचं पहिलं काम म्हणजे कूलरचं बटन. हात अर्ध्यावर थांबला.

"भाऊ, अंदर लसून कुटून ठेवला का जी कोणं?"

मी त्याचं मनगट धरून त्याला बाहेर ओढलं. इतक्या जोरात, की तो माझ्या अंगावरच पडला. "बटनाला हात नको लावू बे!" मी ओरडलो, आणि ओरडताना पुन्हा एकदा जोरात श्वास घेऊन पाहिला. काही नाही. गरम पत्रा आणि धूळ, बस.

आता नाकाचं सांगतो.

मी हे काम शिकलो ते इतवारीकडच्या एका उस्तादाच्या हाताखाली. त्या काळी त्यांच्याकडे तयार सिलेंडर क्वचित यायचा, कार्बाइडची टाकी असायची. पाण्यात कार्बाइडचे खडे, वर गॅस, खाली पांढरा चुन्याचा गाळ. गाळ उपसायचं काम माझं. ॲसिटिलीन चोख असेल तर त्याला जेमतेम वास असतो. लसणासारखा जो उग्र भपकारा येतो तो कार्बाइडमधल्या अशुद्धीचा, त्यातून निघणाऱ्या फॉस्फीनचा. कळमन्याच्या बाजारात चोरून कार्बाइडवर पिकवलेल्या आंब्याची पेटी नाकाशी धरून पाहा, तोच वास, कारण तोच गॅस. आंबा कार्बाइडनं पिकवायला बंदी आहे, वास मात्र कधीमधी येतोच. तर उस्तादांनी मला मीटर नाही, नाक दिलं. पुढे शेडमध्ये कुठे गळतंय ते मी दहा पावलांवरून सांगायचो. पोरं म्हणायची, भाऊचं नाक म्हणजे लाखाचं.

2021 च्या एप्रिलात कोरोना झाला. नागपुरात तेव्हा काय चाललं होतं ते आठवायची इच्छा नाही. मी घरीच बरा झालो, पण वास गेला. सगळ्यांचा महिन्या-दोन महिन्यांत परत येत होता, माझा आला नाही. फोडणी करपली तरी कळत नाही. बायकोला माहीत होतं. शेडमध्ये मी कोणाला बोललो नाही. कसं बोलणार? सोनारानं आपली नजर अधू झाल्याचं गिऱ्हाइकाला सांगावं तसं ते. उलट मी अधूनमधून ट्रॉलीजवळ उभा राहून नाक वर करायचो, जुन्या थाटात, आणि म्हणायचो, "ठीक आहे, लावा."

त्या सोमवारी पोराला विचारलं, "नक्की लसूणच का रे?"

"हौ जी. मायच्या हातचा ठेचा असते न, तसा. पण सडका. तुमाले नाई येऊन राह्यला?"

मी उत्तर दिलं नाही. कामाला लावलं त्याला.

अशा वेळी सोपा नियम आहे: जे बंद आहे ते बंदच राहू द्यायचं, जे चालू आहे ते तिथे जाऊन बंद करायचं नाही. ठिणगी बटन दाबतानाही पडते आणि उचलतानाही. दोघांचे मोबाइल लांब नेऊन मग बंद केले. पोराला बाजूच्या शेडमध्ये पिटाळलं, ग्राइंडर थांबवा म्हणून, आणि तिथून फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, स्टोव्ह विझवायला. टपरीवाला कुरकुरला असणार, कारण पोरगा परतला तो त्याच्या शिव्या पुटपुटतच. मी बिजागऱ्यांवर आणि कडीवर बादलीभर पाणी ओतलं, लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून, आणि दार हळूहळू, कोपऱ्याकोपऱ्यानं सताड उघडलं. खिडकीचा पत्रा मात्र तसाच ठेवला. तो काढायचा म्हणजे छिन्नी-हातोडा लागणार, आणि त्या घटकेला छिन्नी-हातोडा म्हणजे काडेपेटीच.

अग्निशमनला, 101 ला, फोन करायला हवा होता. केला नाही. गाडी आली की आजूबाजूच्या शेडवाल्यांना कळणार, मग शेठला कळणार, मग मला विचारणार. हे कारण आता लिहिताना फार लहान दिसतं, तेव्हा मोठं होतं.

मग आम्ही दोघं कडुलिंबाखाली बसलो. पाऊण तास. तिथे बसून मी मातीत काडीनं हिशेब केला. खोली दहा बाय बारा, उंची दहा, म्हणजे 1200 घनफूट, चौतीस घनमीटरच्या आसपास. ॲसिटिलीन हवेत अडीच टक्के झाला की पेट घ्यायला तयार. चौतीस घनमीटरचे अडीच टक्के म्हणजे साडेआठशे लिटर. भरलेल्या सिलेंडरमध्ये साधारण सहा हजार लिटर असतो. म्हणजे सिलेंडरचा सातवा हिस्सा सुद्धा त्या खोलीला पुरेसा. आणि आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचं जसं आहे, की हवेत दहा टक्क्यांच्या वर गेला की पेटायला हवाच पुरत नाही, तसं याचं नाही. हा ऐंशी टक्क्यांपर्यंत पेटत राहतो. ठिणगीही क्षुल्लक लागते, एलपीजीला लागते तिच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. कूलरचं बटन तर फार झालं, नायलॉनचा शर्ट अंगातून काढताना चटचट होतं ना, तेवढंही चालतं. वजनाला हवेपेक्षा किंचित हलका, पण इतका किंचित की वर निघून जाईल या भरवशावर बसायचं नाही. बंद खोलीत तो हवेत मिसळून जागच्या जागी राहतो.

पोरगा सगळं पाहत होता. "मंग भाऊ, तुमी कालपासून इथं असते तं?"

"काल रविवार होता बे."

"हौ, तेच तं."

पाऊण तासानं आधी पोराला दारापाशी उभं करून वास घ्यायला लावला. हे करताना जी लाज वाटली ती वेगळीच. तो म्हणाला, थोडासाच आहे. आणखी पंधरा मिनिटं थांबलो. मग मी एकटा आत गेलो.

दारातून येणाऱ्या उजेडात पहिली दिसली ती चावी. ॲसिटिलीनच्या मरून रंगाच्या सिलेंडरच्या डोक्यावर, व्हॉल्व्हच्या दांडीवर, म्हणजे स्पिंडलवर, तशीच चढवलेली. ॲसिटिलीनची चावी काम चालू असेस्तोवर स्पिंडलवरच ठेवायची, म्हणजे अडचणीला झटक्यात बंद करता येतं. काम संपलं की सिलेंडर बंद करायचा, पाइपातला गॅस काढून टाकायचा आणि मगच चावी उतरवायची. चावी वर दिसली याचा अर्थ शनिवारी संध्याकाळी कोणीतरी फक्त टॉर्चचे नॉब बंद करून घरी गेलं होतं. शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत पाइपात प्रेशर. उलट्या हातानं सिलेंडरला हात लावून पाहिला. खोलीइतकाच गरम, जास्त नाही. जास्त असता तर मी तिथून पळालो असतो आणि खरंच 101 लावला असता. आतून तापायला लागलेला ॲसिटिलीनचा सिलेंडर हलवायचा नसतो, त्याला हातही लावायचा नसतो. लांबून, आडोशामागून, पाण्याचा मारा करत राहायचं असतं, तासभर तरी. चावी उजवीकडे फिरवली. पाऊण आटा फिरला तेव्हा बसली.

मग लाल पाइप हाताखालून चाचपत गेलो. साबणाचं पाणी पोरानं आणून दिलं होतं, अंघोळीच्या साबणाचं. तेल-ग्रीस तिथे आणायचंच नाही, शेजारी ऑक्सिजन आहे, त्यात तेल भडकतं. पाइपात उरलेल्या प्रेशरवर ट्रॉलीपासून दीडेक हातावर बुडबुडे उठले. एका जोडावर. पाइप मधे कापून आत नळीचा तुकडा घालून दोन्हीकडून बाइंडिंगची तार आवळलेली. क्लिप नाही, तार. तारेखालून पाइप तडकला होता आणि फटीतून आतली नळी डोकावत होती.

नळी तांब्याची होती.

माझ्या पोटात खड्डा पडला तो तेव्हा, दारात नाही. गळती म्हणजे काय, गळती होते, सापडते, बंद होते. उस्ताद म्हणायचे, तांबं आणि ॲसिटिलीन यांचं लग्न लावायचं नाही. तांब्याच्या आतल्या अंगावर हळूहळू एक थर धरतो, कॉपर ॲसिटिलाइडचा. तो वाळला की धक्क्यानं, घासण्यानं उडतो. त्याला ठिणगीही लागत नाही. म्हणून या गॅसच्या फिटिंगमध्ये सत्तर टक्क्यांहून जास्त तांबं चालत नाही. रेग्युलेटरचं पितळ चालतं ते त्यात तांब्याचं प्रमाण कमी म्हणून. आणि हा तर फ्रिजच्या कामातला शुद्ध तांब्याचा तुकडा. आम्ही ट्रॉली ढकलताना तो पाइप शंभर वेळा जमिनीवर आपटला असेल.

जोड उघडून आत काय धरलंय ते बघण्याचा मोह झाला होता. नाही बघितलं. पाइपातलं प्रेशर उघड्यावर हळूहळू सोडून दिलं, जोडावर पाणी ओतत राहिलो, मग त्याच्या दोन्ही बाजूंनी वीतभर सोडून पाइप कापला आणि तो तुकडा पाण्याच्या बादलीत सोडला. दुसऱ्या दिवशी गॅस पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस ती बादली तशीच घेऊन गेला. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. बोलला काही नाही.

आमचा गॅस कटर साडेनऊला उगवला. हात चांगला आहे त्याचा, पंचवीस एमएमच्या प्लेटला अशी कड काढतो की ग्राइंडर लावायची गरज नाही. विचारलं तर बिनधास्त म्हणाला, "फेब्रुवारीत मारला होता जोड. साळा फ्रिजचं काम करते न माहा, त्याच्याकडून आणला. तुमाले सांगतलं होतं, भाऊ."

"मला?"

"हौ. तुमी फोनवर होते. मी म्हटलं, तांब्याचा हाय, जिंदगीभर हालत नाई. तुमी म्हटलं, बरं केलं."

मला आठवलं. फोनवर गिऱ्हाईक होतं, पलंगडीएवढ्या गेटसाठी माझं डोकं खात होतं. तांब्याचा हा शब्द मी ऐकला होता. कानावर पडला होता असं नाही, ऐकला होता. आणि बरं केलं म्हणालो होतो.

एक गोष्ट मला त्या दिवसापासून छळते. देशभरातल्या गॅस सिलेंडरचे नियम ज्या खात्याच्या हाती, त्या पेसोचं मुख्यालय आमच्याच शहरात आहे, सेमिनरी हिल्सवर. अग्निशमन अधिकारी घडवणारं राष्ट्रीय कॉलेजही नागपुरातच. आमच्या शेडमधून निघून कोणी सकाळी चहाच्या आधी तिथे जाऊन विचारून येऊ शकेल. आणि आम्ही विचारलं कोणाला, तर फ्रिजवाल्या साळ्याला.

शेठ दुपारी आला. मी सगळं सांगितलं, नाकासकट. नाकाचं ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "पाच वर्षं?" एवढंच. खर्चाच्या यादीवर मात्र भरपूर बोलला. दोन्ही पाइप नवे, जोड नको, सलग. स्क्रूनं आवळायची जुबली क्लिप नाही, घट्ट दाबलेल्या फेरूलचे, म्हणजे धातूच्या कड्यांचे. रेग्युलेटरला आणि टॉर्चला फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्वाळा उलटी आत शिरली तर तिला अडवणारे. ट्रॉलीसाठी शेडबाहेर जाळीचा पिंजरा, वर पत्रा, बाकी चारही बाजू उघड्या, कुलूप हवं तर त्याला लाव. पिंजऱ्यावर अडला. म्हणाला, चोर जाळी कापतील. मी म्हटलं, कापू द्या, रेग्युलेटर रात्री काढून घेतो आम्ही. डाव्या आट्याचा नट आहे, खाच पाडलेला, पोरालाही आता उलटा फिरवता येतो.

आता ट्रॉलीच्या दांड्याला साबणपाण्याची बाटली लटकवलेली असते आणि सकाळी पहिला वास पोरगा घेतो. मी विचारतो, तो सांगतो, मग तरीही बाटली फिरते. गेल्या आठवड्यात स्पिंडलच्या ग्लँडला, म्हणजे दांडीभोवतीच्या सीलला, बारीक बुडबुडा सापडला. पोराला वास आला नव्हता. तो नाराज झाला. सिलेंडर एजन्सीला परत गेला.

कटर आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. नवव्या दिवशी डबा खाताना जवळ सरकला.

"भाऊ, तो तुकडा नेला न त्या एजन्सीवाल्यानं?"

"हौ."

"वापस देईल का थो? साळा विचारून राह्यला होता."