मैफल का करत नाही?

‘इतकी वर्षं गाणं शिकलात, मग मैफल का करत नाही?’ लग्नात विचारतात, क्लासच्या दारात पालक विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. संसार आड आला नाही. घसाही चांगला आहे. मला भीती वाटते.

‘रियाज वाढवा, भीती जाईल’ एवढं मात्र सांगू नका. हेच मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगत आले, त्याची आता लाज वाटते. व्लादिमिर होरोविट्झ हे एवढे मोठे पियानोवादक, १९५३ नंतर बारा वर्षं जाहीर कार्यक्रमाला बसले नाहीत. कारण एकटी भीतीच नसेल, पण रियाज कमी पडला असं कोण म्हणेल?

शेवटची मैफल केली, त्या संध्याकाळी यमन राग होता. विलंबित एकताल, म्हणजे बारा मात्रांचा ताल संथ लयीत; त्याचा एक फेरा, एक आवर्तन, जवळजवळ पाऊण मिनिटाचं. तंबोरे सुरेख जुळले होते. स्थायी झाली, थोडे आलाप झाले, आणि तबल्यावर दहाव्या मात्रेचा ‘तिरकिट’ हा इशाऱ्याचा बोल ऐकूनही मुखडा, म्हणजे समेवर येणारी बंदिशीची सुरुवात, उचलायला श्वासच येईना. जीभ टाळूला चिकटलेली. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, रिकामी गेली. पुढच्या आवर्तनात तबलजींनी तिरकिट मुद्दाम ठळक वाजवलं, पेटीवाल्या दादांनी माझाच मुखडा मला वाजवून दिला. तीही सम गेली. पहिल्या रांगेत मला गाणं शिकवणाऱ्या बाई मांडीवर ताल धरून बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला आणि त्यांनी मान खाली घातली. ती मान अजून दिसते. अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, सोडून मी जलद लयीच्या छोट्या ख्यालावर आले, कसंबसं संपवलं आणि आत येऊन म्हणाले, ‘घसा बसला.’ बाईंनी काही न बोलता गरम पाणी दिलं. त्या खोटं बोलणं ओळखत असत.

भीतीवरच्या गोळीचंही डॉक्टरांना विचारून झालं. प्रोप्रॅनोलॉल अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम रोखतं, धडधड आणि थरथर कमी होते. काही वादक घेतात. पण मला दमा आहे, त्या गोळीने श्वासनलिका आवळू शकतात, म्हणून डॉक्टरांनी नाही म्हटलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं. गोळी चालली असती तर पुन्हा बसावं लागलं असतं.

म्हणजे मी पळाले का? तेव्हाची मी ‘हो’च म्हणाली असती. पण घरी गाते ते गाणं खोटं आहे, हे मला मान्य नाही. आज सकाळी तोच ख्याल गायले. प्रत्येक मुखडा समेवर आला. मग जिन्यात कुणाची तरी पावलं थांबली, ऐकायला असावीत. अंतऱ्याआधीच मी तंबोरा खाली ठेवला.