कळकट, पण स्वच्छ

‘घरातलं सामान कळकट, पण स्वच्छ.’ हे वाक्य मी लिहिलं, दोनदा तपासलं आणि पाठवूनही दिलं. कळकट म्हणजे तेल, धूर आणि मळ यांचा थर बसलेलं, हात लावला तर बोटाला चिकटणारं. ते स्वच्छ कसं असेल? हा प्रश्न मला पडला तो तिसऱ्या दिवशी, फोन आल्यावर.

इंग्रजीतले अहवाल मराठीत आणणं हे माझं काम. विम्याचे, वैद्यकीय, घरभेटींचे. हा घरभेटीचा होता. एका वृद्ध गृहस्थांना बघायला नर्स गेली होती. भेट ठरवली होती दूर राहणाऱ्या मुलाने, आणि मराठी प्रत जायची होती वडिलांना सांभाळणाऱ्या मुलीकडे आणि काकांकडे. चार पानं. संध्याकाळपर्यंत हवी होती, कधी नसते?

एजन्सीच्या समन्वयकाने फोन जोडून दिला. म्हणाला, “मॅडम, तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात. जरा रागात आहेत.”

रागात नव्हती ती. रडवेली झाली होती.

“ताई, बाबांना तुम्ही गबाळे लिहिलंय. रोज सकाळी त्यांची आंघोळ, दाढी मी करते. आता काका विचारतात, तू दिवसभर करतेस तरी काय?”

मी मूळ पान उघडलं. तिथे होतं: दिसायला किंचित डिशेव्हल्ड. नखं कापलेली. कपडे धुतलेले. तिन्ही नोंदी एकाखाली एक. पुढच्या दोन नोंदी पहिलीचा अर्थ सांगत होत्या, पण मी एकेक ओळ सुटी करून उरकत गेले होते. कोशात बघितलं की या शब्दांची रांगच्या रांग एकमेकींकडे बोट दाखवते: डिशेव्हल्ड, अनकेम्प्ट, स्क्रफी, शॅबी. आपणही मग पहिला हाताला येईल तो मराठी शब्द उचलतो.

डिशेव्हल्डमध्ये जुन्या फ्रेंचमधला ‘केस’ दडलेला आहे. आधी त्याचा अर्थ डोकं उघडं, केस मोकळे एवढाच होता. मग विस्कटलेले केस आले आणि मागाहून चुरगळलेले कपडेही त्यात शिरले. वारा लागला, पळत आलात, झोपेतून उठलात, तरी माणूस डिशेव्हल्ड दिसतो. अनकेम्प्टमध्ये विंचरण्याचं एक जुनं क्रियापद आहे, केम्ब; अनकेम्प्ट म्हणजे न विंचरलेला. दोन्ही शब्द केसांतूनच निघाले, पण माणसाला अनकेम्प्ट म्हटलं की बरेच दिवस कुणी लक्ष दिलेलं नाही असा वास येतो. अशा अहवालांत तो शब्द जपून वापरतात, कारण त्यावरून पुढची चौकशी होऊ शकते. आणि आपला गबाळा? तो तर थेट स्वभावावर जातो. म्हणजे नर्सने केसांबद्दल लिहिलेलं मी त्या गृहस्थांच्या स्वभावाला चिकटवलं होतं, आणि त्यांच्या मुलीच्या माथी मारलं होतं. अजागळ लिहिलं नाही एवढंच नशीब. त्या शब्दात शेळीच्या गळ्याला लोंबणारी, दूध न देणारी सडं आहेत.

समन्वयकामार्फत नर्सला विचारलं. तासाभरात उत्तर आलं: ते दुपारच्या झोपेतून नुकतेच उठले होते, एका बाजूचे केस उभे होते.

मग सगळी चार पानं पुन्हा वाचायला घेतली. ‘कळकट, पण स्वच्छ’ची मूळ ओळ होती ‘शॅबी बट क्लीन’. शॅबीचं मूळ ‘शॅब’ या जुन्या शब्दात आहे, म्हणजे खपली, खरूज. आज मात्र तो मळाबद्दल बोलत नाही, झिजेबद्दल बोलतो. वापरून वापरून रंग उडालेला सोफा, कडेचे धागे निघालेला पडदा. रोज पुसलेलं सामानही शॅबी असतं. उलट पुसून पुसूनच होतं. मी लिहिलं, ‘सामान जुनं, विटलेलं, पण स्वच्छ.’ ‘रया गेलेलं’ही मनात आलं होतं. पण त्यात एक उसासा आहे, तो नर्सच्या वाक्यात नव्हता.

बागेला तिने अनकेम्प्ट म्हटलं होतं. तिथे तो शब्द कुणाला लागत नाही. ‘गवत वाढलेलं, छाटणी न केलेली’ असं केलं. मागची खोली डेरेलिक्ट. तिला मी ‘मोडकळीस आलेली’ म्हटलं होतं. पण मोडकळीला आलेलं ते डिलॅपिडेटेड. त्याच्या पोटात लॅटिनमधला दगड आहे आणि डोळ्यांसमोर येते ती पडझड. डेरेलिक्टचं मूळ सोडून देण्यात आहे. समुद्री कायद्यात, परत येण्याचा विचार न ठेवता खलाशांनी सोडलेल्या जहाजाला डेरेलिक्ट म्हणतात. म्हणजे भिंती धड असूनही खोली डेरेलिक्ट असू शकते. मराठीत त्याला पडीक हा नेमका शब्द आहे. जमीन पडीक असते तेव्हा ती काही मोडलेली नसते, कुणी कसत नसतं एवढंच. तो आधीच कसा सुचला नाही, याची मात्र खरंच लाज वाटली.

बाबांच्या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ‘विस्कटलेले’ एवढंच लिहिलं तर माणूसच विस्कटलेला वाटतो. ‘पिंजारलेले केस’ म्हटलं की वेडाची छटा येते. शेवटी लिहिलं, ‘केस किंचित विस्कटलेले. नखं कापलेली. कपडे धुतलेले.’ केस हा शब्द मूळ इंग्रजी ओळीत वेगळा लिहिलेला नव्हता; तो मी नर्सच्या उत्तरावरून घातला, आणि तसं समन्वयकाला कळवलं. सुधारित प्रत काकांनाही पाठवा, सोबत चूक भाषांतराची होती असं स्पष्ट लिहा, हेही सांगितलं. तो म्हणाला, “चूक आपली होती असं लेखी द्यायचं?” मी म्हटलं, माझी होती असं द्या.

रात्री त्या मुलीचा निरोप आला. प्रत वाचली, काकांनाही वाचून दाखवली. खाली एक ओळ होती: “मागच्या खोलीचं बरोबर आहे ताई. ती पडीकच आहे. आई गेल्यापासून कुणी उघडलेली नाही.”