रोबक्सचे रुपये होताना

रोब्लॉक्सवर मी बनवलेल्या गेमची कमाई रुपये होऊन बँकेत यायला आणि ते रुपये आयकराच्या विवरणपत्रात योग्य रकान्यात बसायला बरेच महिने गेले. या वाटेवर काय काय लागतं हे गोव्यातल्या लग्न झालेल्या माणसासाठी एका जागी लिहिलेलं मला कुठे मिळालं नाही, म्हणून लिहिते आहे. आणखीही एक कारण आहे. बँक, सीए, घरची माणसं, सगळ्यांनी मला फिरून फिरून एकच विचारलं: तू खेळत होतीस की काम करत होतीस?

मी डिचोलीची. पणजीत एका हॉटेलात फ्रंट डेस्कवर नोकरी, नवऱ्याचं डिचोलीच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान. बहिणीचा मुलगा चौदा वर्षांचा. सुट्टीत तो आमच्याकडे असला की रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं रोब्लॉक्स खेळायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रोब्लॉक्स हा एकच गेम नव्हे. तिथे असंख्य गेम असतात आणि त्यातले बहुतेक खेळणाऱ्यांनीच बनवलेले असतात. रोब्लॉक्स स्टुडिओ फुकट मिळतो, त्यात लुआऊ नावाच्या भाषेत कोड लिहायचा. सुरुवातीला मी नुसती झाडं लावत होते, डोंगर उंच करत होते, पाऊस पाडत होते. मग भाच्यानंच सुचवलं, चवथीची माटोळी करूया. माटोळी म्हणजे गोव्यात गणेशचतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात ती फळं बांधलेली लाकडी चौकट.

गेम असा: चौघांनी मिळून रानात जायचं, आंबाडे, तोरिंगं, कवंडळं, सुपारीची शिपटी गोळा करून आणायची आणि गणपती यायच्या आत लाकडी चौकटीला बांधायची. प्रत्येक फळाला वजन आहे. एका बाजूला जास्त बांधलं तर माटोळी कलते. हे कलणं नीट जमावं म्हणून मी किती रात्री घालवल्या! घरी माटोळी बांधताना सासरे लांब उभे राहून 'डावीकडे जड झालं' म्हणतात, तेच मला पडद्यावर हवं होतं. फिलिपीन्स आणि ब्राझीलमधली मुलं येऊन खेळायला लागली. माटोळी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण ती कलू द्यायची नाही हे लगेच कळलं. त्यांच्यासाठी मी काही पास, म्हणजे गेममध्ये वापरायच्या जादा वस्तू, विकायला ठेवले: मोठी टोपली, रात्रीच्या रानासाठी कंदील, असं.

आता पैशांची बाजू. तिथलं चलन रोबक्स. खेळणारा ते विकत घेतो. अमेरिकेतल्या दरानं मोबाइल अ‍ॅपमधून 4.99 डॉलरला 400 रोबक्स मिळतात, म्हणजे एक रोबक्स सव्वा सेंटला. खेळणाऱ्यानं 100 रोबक्सचा पास घेतला तर 30 कंपनीकडे राहतात, 70 बनवणाऱ्याला मिळतात. ते 70 डॉलरमध्ये बदलायचे तर भाव वेगळा: मी पैसे काढले तेव्हा एका रोबक्सला 0.0035 डॉलर. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या कमाईसाठी तो 0.0038 झाला. म्हणजे खेळणाऱ्यानं सव्वा डॉलर मोजला की बनवणाऱ्याच्या हाती जेमतेम पाव डॉलर येतो. मधल्या पैशातून सर्व्हर चालतात, अ‍ॅप स्टोअरचा वाटा जातो, मुलांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा चालते, हे खरं आहे आणि मी ते मान्य करते. पण एकाच नाण्याला खेळणाऱ्याच्या हातात एक भाव आणि काम करणाऱ्याच्या हातात दुसरा, हे कळल्यावर मी खूप वेळ विचार करत बसले. माझ्याजवळ दोन्ही प्रकारचे रोबक्स होते. काही मी आणि भाच्यानं विकत घेतलेले, काही कमावलेले. खात्यात ते एकाच आकड्यात दिसायचे.

ते वेगळे होतात पैसे काढताना. या सोयीला डेव्हलपर एक्स्चेंज म्हणतात. तिथे फक्त कमावलेले रोबक्स धरतात; विकत घेतलेले किंवा भेट मिळालेले धरत नाहीत. किमान 30,000 लागतात, म्हणजे जुन्या भावानं 105 डॉलर. वयाची अट 13 वर्षं. याशिवाय डब्ल्यू-8बीईएन नावाचा अमेरिकन कर फॉर्म भरावा लागतो. आपण अमेरिकेचे रहिवासी नाही असं त्यात लिहून द्यायचं, आणि परदेशी कर क्रमांक मागतात तिथे पॅन टाकायचा. फॉर्म दिसतो तितका अवघड नाही. नाव मात्र सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं पाहिजे, आणि गोव्यात नेमकं तिथेच अडतं. माझं माहेरचं आडनाव गावकर. जन्मदाखल्यावर ते पोर्तुगीज वळणानं 'सी' घालून लिहिलेलं, पॅनवर 'के' घालून, आणि लग्नाआधी उघडलेल्या बँक खात्यावर दाखल्याप्रमाणे. आपल्याकडे नायक, कामत, प्रभू, कुणाचंही घ्या, घरातल्या दोन पिढ्यांची स्पेलिंगं जुळणार नाहीत. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी आधी बँकेत जाऊन खातं पॅनप्रमाणे करून घ्यावं, मगच रोबक्सच्या मागे लागावं.

पैसे निघाले ते 2025 च्या चवथीच्या सुमाराला. ही वेळ महत्त्वाची ठरली, कारण ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही 22 ऑगस्ट 2025 ला झाली होती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर त्यात बंदी आहे आणि अशा गेमचे व्यवहार बँकांनी करू नयेत असंही त्यात आहे. परदेशातून रक्कम आली की बँक विचारते, कशाबद्दल? मी 'गेम' म्हटलं आणि समोरच्या बाई थांबल्या. त्यांचं थांबणं मला समजतं. आपल्या राज्यात 'गेमिंग' म्हटलं की मांडवीतली जहाजं आठवतात. 1976 चा जुगारबंदीचा कायदा, 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांना जुगाराच्या यंत्रांची मुभा, 1996 मध्ये जहाजांवरचे कॅसिनो, आणि 2020 पासून गोवेकरांना त्यात जुगार खेळायला मनाई. शिवाय गावोगावी मटका. गेममधून पैसा आला म्हटल्यावर घरातही आत्येनं पहिल्यांदा हेच विचारलं होतं, "हो जुगार न्हय मगे?"

बँकेतल्या बाईंना मी गेम उघडून दाखवला. मग कोडचं पान दाखवलं. म्हटलं, मॅडम, मी कशावर काही लावलेलं नाही आणि काही जिंकलेलंही नाही. ही टोपली मी बनवली, लोकांनी ती घेतली, त्याचे हे पैसे. कायद्यातली व्याख्याही हेच विचारते: बदल्यात पैसा किंवा तसाच काही लाभ जिंकायच्या अपेक्षेनं खेळणाऱ्यानं पैसे किंवा पैशांत बदलता येणारं काही लावलं का? त्यांनी रक्कम सॉफ्टवेअर सेवेच्या उद्देश संकेताखाली, म्हणजे परदेशी पैसे कशाबद्दल आले ते सांगणाऱ्या कोडखाली, घेतली. परकीय रक्कम जमा झाल्याचं पत्र बँकेकडून मागून घ्यावं. आपणहून देतीलच असं नाही आणि पुढे ते लागतंच.

सीए म्हापशाच्या. दुकानाचे हिशोब त्याच बघतात. त्यांचा पहिला प्रश्न होता, हे क्रिप्टो आहे का? क्रिप्टो असतं तर नफ्यावर सरसकट 30 टक्के. रोबक्स कुठल्याही ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टो ज्या सामाईक डिजिटल नोंदवहीवर चालतं तिच्यावर, नाहीत. दुसरा प्रश्न, जिंकलेले आहेत का? ऑनलाइन गेममध्ये निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 1 एप्रिल 2023 पासून 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 115बीबीजे खाली तितकाच कर, आणि त्यातून इंटरनेटचा किंवा संगणकाचा खर्च वजा होत नाही. तेही नाही. मग राहतं धंद्याचं उत्पन्न, खर्च वजा करून. त्यांनी विचारलं, किती तास लागले? मी अंदाज सांगितला. त्यांनी भागाकार केला. हॉटेलातल्या माझ्या पगाराच्या तासापुढे तो आकडा फार लहान होता. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञानं 2001 मध्ये एव्हरक्वेस्ट या गेममधल्या नोराथ नावाच्या जगाचा असाच हिशोब मांडला होता, तिथे तासाला 3.42 डॉलर पडत होते. माझे तेवढेही पडले नाहीत. पण त्या भागाकारात माटोळी पहिल्यांदा कलली ती रात्रही होती, जेव्हा मी आणि भाचा खुर्चीवरून उठून ओरडलो. ती रात्र मी कामाच्या तासांत धरू की नको? सीएबाई म्हणाल्या, कराला तासांशी देणंघेणं नाही. मला आहे. मी शेवटी असं धरलं: ज्या तासांना दुसरं कुणी वाट बघत होतं, ते काम. पास घेतलेल्या मुलाचा कंदील पेटत नाही म्हणून हॉटेलातून दमून आल्यावर मी कोड उघडला, तो तास कामाचा.

खर्चांत जाहिरातीवर घातलेली रक्कम धरली. माझ्या अवतारासाठी घेतलेला मोगऱ्याचा गजरा धरला नाही, जरी तो घालून मी माझ्याच गेममध्ये येणाऱ्यांचं स्वागत करत असले तरी. तो मला आवडला म्हणून घेतला होता.

आणि आता गोव्याची खास गोष्ट. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते. माझ्या या कमाईला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्यात (1 एप्रिल 2026 पासून त्याच्या जागी नवा कायदा आला) त्यासाठी कलम 5ए होतं: पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मंनिम्मं धरायचं. माझा हॉटेलचा पगार माझा एकटीचा, पण दुकानाचा अर्धा नफा दरवर्षी माझ्या विवरणपत्रात येतो, शेड्यूल 5ए मध्ये. या वेळी त्याच तक्त्यातून माझ्या गेमचा अर्धा नफा नवऱ्याच्या नावावर गेला. सीएंनी कागद पुढे केला तेव्हा नवरा कितीतरी वेळ बघत राहिला. खिळे, पाइप, सिमेंट विकून झालेला नफा आणि माटोळी विकून झालेला नफा एकाखाली एक. सासूबाई इतके दिवस 'तिचा खेळ चाललाय' म्हणायच्या, त्यात राग नसायचा, पण मनात एक पायरी असायची: दुकान वर, खेळ खाली. त्यांना तो कागद ह्यांनी स्वतः वाचून दाखवला. ज्यांचा व्यवहार लहान आहे त्यांनीही हे टाळू नये. नवऱ्याच्या विवरणपत्रात तुमचा अर्धा भाग दिसला नाही तर दोघांचे कागद एकमेकांशी जुळत नाहीत.

राहिला भाचा. गेमचं नाव, रानाचा नकाशा, फळं कुठे लपवायची, कुठल्या कड्यावरून मुलं पडतात हे शोधून काढणं, हे सगळं त्याचं. तो म्हणतो, मी तर खेळत होतो. माझ्या मते त्याच्या त्या खेळण्याशिवाय गेम उभाच राहिला नसता, आणि मोठ्या कंपन्या याच कामाला चाचणी म्हणतात आणि पगार देतात. रोब्लॉक्सवर तेरा वर्षं पूर्ण झाली की पैसे काढता येतात. कितीतरी मुलं तिथे असं काम करत असतील आणि त्याला खेळच म्हणत असतील. मला वाटतं, रोबक्स विकत घ्यायच्या बटणाशेजारी ते परत विकायचा भावही लिहिलेला असावा, तेरा वर्षांच्या मुलाला कळेल एवढ्या मोठ्या अक्षरांत. त्याला दोन्ही भाव माहीत असले पाहिजेत.

भाच्याला मी पैसे द्यायचे ठरवले. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न एरवी आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवतात, पण 1961 च्या त्याच कायद्यात कलम 64(1ए) मध्ये अपवाद होता: अंगमेहनतीनं किंवा स्वतःच्या कौशल्यानं कमावलेलं मिळवत नाहीत. सीएंनी विचारलं, त्याचं कौशल्य कशावरून? भाच्यानं वहीतले नकाशे आणले. प्रत्येक कड्यापुढे त्यानं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, किती जण पडले, कुठे पाय घसरला, काय बदललं. त्या वहीच्या प्रती आता दुकानाच्या फायलीत लावल्या आहेत. त्याच्या रकमेपुढे लिहिलं आहे 'नकाशा व चाचणी', आणि पैसे त्याच्या बँक खात्यात गेले आहेत. बहीण अजून म्हणते, खेळल्याचे पैसे कशाला देतेस? तिला मी ती वही दिली आहे वाचायला.