कोठाराचा सांगाडा उभा राहिला

उतरवून ठेवलेले शेतावरचे जुने कोठार आज आम्ही भावंडांनी पुन्हा उभारायला घेतले. कोपरा काटकोनात येण्यासाठी एका बाजूला ३ आणि दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खुणा केल्या, त्यांतील अंतर नेमके ५ फूट भरेपर्यंत दोरी सरकवत राहिलो आणि आखलेल्या चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे आल्यावरच खांब ओळंब्यात धरले. मातीत पुरलेली खांबांची बुडे ओल शोषून कुजली होती. तेवढा भाग कापून खांब आता दगडी उथळ्यांवर बसवले आहेत आणि वाऱ्यासाठी तिरपे आधार दिले आहेत. उंची थोडी घटली, याची मला खंत नाही. दारावरच्या तुळईवर आजोबांच्या करवतीचे व्रण अजून दिसतात. तिला मी रंधा लावू दिला नाही. पत्रे उद्या चढतील.