ऑफिसच्या कपाटातली निळी वही

मी थायलंडमध्ये होते तेव्हा परदेशी माणसाला काम करण्याचा परवाना निळ्या वहीत मिळायचा. जिल्हा बँकेचं पासबुक असतं ना, साधारण तसंच. आत फोटो, शिक्के आणि पानंच्या पानं थाई अक्षरं. माझी वही हातात आली तेव्हा मला तिच्यातला फक्त माझा फोटो ओळखता आला. दोन मिनिटं उलटसुलट करून बघते तोवर ऑफिसातल्या बाईंनी हात पुढे केला, वही घेतली आणि लोखंडी कपाटात ठेवून किल्ली फिरवली. "इथे सेफ राहील." मी थँक्यू म्हटलं. चक्क थँक्यू!

हे सगळं वर यायचं कारण म्हणजे परवा एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. पोरीचं बी.एड. झालंय आणि बँकॉकमधल्या एका छोट्या इंटरनॅशनल शाळेची ऑफर आलीय. "मॅडम, तुम्ही होता ना तिकडे? कसं असतं?" उत्तर टाईप करायला घेतलं तर ते संपेचना. म्हणून इथे लिहितेय. माझ्या शाळेचं नाव लिहिणार नाही. तशा शाळा तिथे गल्लोगल्ली आहेत.

मी गेले ऑगस्ट २०१८ मध्ये. त्याआधी चार वर्षं सांगलीजवळ एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवत होते. सही वीस हजारांवर, हातात नऊ. पगार बँकेत जमा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी एटीएममधून अकरा हजार काढून पाकीट क्लार्ककडे द्यायचं. हे मुद्दाम सांगतेय, कारण 'परदेशात फसवलं' असं म्हणायला लागले की मला आधी ते पाकीट आठवतं. न वाचता सही करायची सवय मी तिकडे नाही लावून घेतली, इथूनच घेऊन गेले होते.

ऑफर ३८,००० बाटची होती. बाट तेव्हा दोन रुपयांच्या थोडा वर होता. भावाने कॅल्क्युलेटरवर तीनदा गुणाकार केला. तिन्ही वेळा ऐंशी हजारांच्या आसपास आलं, तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला. मग डिग्रीवर शिक्के मारायची वारी: आधी मंत्रालय, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग थाई वकिलात. एजंटाने चौदा हजार घेतले. शाळेने कळवलं, टूरिस्ट व्हिसावर या, बाकी इथे आल्यावर बघू. हे 'बाकी इथे आल्यावर बघू' मला तेव्हा मोकळेपणाचं वाटलं होतं.

पाच आठवडे शिकवून झाल्यावर शाळेने कागदांची फाईल दिली आणि लाओसला धाडलं. हुआ लाम्फोंग स्टेशनवरून रात्रीची गाडी पकडायची, सकाळी नोंग खाईला उतरायचं, मेकाँगवरचा पूल ओलांडून व्हिएन्टियानला जायचं आणि तिथल्या थाई कचेरीत कामाच्या व्हिसासाठी रांग लावायची. रांगेत निम्मे लोक माझ्यासारखेच मास्तर. प्रत्येकाच्या काखेत कुठल्या ना कुठल्या शाळेची फाईल. माझ्या पुढे कॅमेरूनचा एक गणिताचा शिक्षक होता, त्याची ही तिसरी खेप. मी सहज सांगितलं की पाच आठवडे झाले शिकवतेय. तो हसला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे आत खिडकीवर बोलू नकोस. पाच आठवडे तू बेकायदा काम केलंयस." बाहेर रणरणतं ऊन, हातात नंबरची चिठ्ठी, आणि मला एकदम घरची आठवण आली.

शाळा म्हणजे एका हाउसिंग कॉलनीतले दोन बंगले, मधली भिंत पाडून एक केलेले. पटसंख्या ११०. माहितीपत्रकातला स्विमिंग पूल कॉलनीचा होता. माझे आठवड्याला २६ तास, शिवाय बदली तास वेगळे. सातवी आणि आठवी एकाच खोलीत. फळ्याच्या डाव्या अर्ध्यावर अपूर्णांक, उजव्या अर्ध्यावर समीकरणं. आपल्याकडे झेडपीच्या द्विशिक्षकी शाळेत हेच चालतं, पण तिथले पालक वर्षाला साडेतीन लाख बाट भरत नाहीत.

सकाळी सव्वासातला गेटवर उभं राहून गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक पालकाला हात जोडायचे. आठला राष्ट्रगीत आणि झेंडा. रात्री दहा वाजता 'लाईन' या मेसेजिंग ॲपच्या ग्रुपवर मालकीणबाईंचा मेसेज यायचा, शेवटी नाचणाऱ्या अस्वलाचं स्टिकर, म्हणजे तो हुकूम आहे हे लगेच कळत नसे. जानेवारी २०१९ मध्ये धुरक्यामुळे बँकॉकच्या शाळा दोन-तीन दिवस बंद ठेवायला लागल्या. मुलांना सुट्टी, आम्ही मात्र हजर, बुलेटिन बोर्ड सजवत. चाचणीत ४१ मिळालेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात '६१ बरे दिसतील' असं सुचवलं गेलं आणि मी ६१ लिहिले. त्याचं मला फारसं वाईटही वाटलं नाही, हे आज वाचताना जास्त खटकतंय.

महिन्यातून एखाद्या शनिवारी मॉलमध्ये शाळेचा स्टॉल लागायचा. फुगे, रंगीत पत्रकं. पुढे उभा राहायचा आमचा इंग्लंडचा पोरगा, चोवीस-पंचवीस वर्षांचा. मला आणि फिलिपिन्सच्या सहकारिणीला मागच्या टेबलावर, फुग्यांत हवा भरायला. पोरगा तसा चांगला होता. इतिहासाची पदवी, वर महिनाभराचा इंग्रजी शिकवायचा सर्टिफिकेट कोर्स. एकदा स्टॉल आवरताना त्यानेच ओशाळून सांगितलं की त्याला ६२,००० मिळतात. बँकॉकमधल्या जाहिराती पाहिल्यात तर यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. 'नेटिव्ह स्पीकर', म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला, असं लिहून खाली कोणत्या देशांचे पासपोर्ट चालतील त्याची यादी. दोन पगार लिहितात, एक त्यांचा आणि एक बाकीच्यांचा. माझा विषय गणित होता, पण आकडा ठरला तो पासपोर्टवरून.

इथपर्यंत मी बिचारी. आता पुढचं.

फिलिपिन्सच्या त्या सहकारिणीला बारा वर्षांचा अनुभव होता, मायदेशातला शिक्षकाचा परवाना होता, आणि वर्गात तिने नुसतं बोट वर केलं तरी वीस पोरं गप्प व्हायची. पहिल्या महिन्यात मला बस कुठली, भाजी कुठे, कुठल्या दुकानात डाळ मिळते, सगळं तिने दाखवलं. एका दुपारी डबा खाता खाता तिने विचारलं, "तुला किती देतात?" तिला २५,००० मिळतात हे मला ऑफिसातल्या बोलण्यातून कळलं होतं. मी म्हटलं, "तुझ्याइतकेच, थोडे इकडे-तिकडे." आणि डब्यातली बटाट्याची भाजी तिच्या ताटात वाढली. तिने ती कौतुकाने खाल्ली. आणि आमच्या दोघींच्याही खाली वर्गातली थाई मदतनीस, जिला सगळे 'पी' म्हणायचे. पी म्हणजे आपली ताई. लहान मुलांना खाऊ घालणं, शू-शी काढणं, झोपवणं, शेवटचं मूल जाईपर्यंत थांबणं, सगळं तिच्याकडे. पगार पंधरा हजारांच्याही आत. इंग्लंडच्या पोराच्या पगाराविषयी मी रात्र रात्र तळमळले. पीच्या पगाराविषयी एक रात्रही नाही.

थाईमध्ये 'क्रेंग चाय' म्हणून शब्द आहे. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल म्हणून आपण मागायचं नाही, नाही म्हणायचं नाही. परदेशी लोक त्यावर पानंच्या पानं लिहितात. मराठी माणसाला एका शब्दात कळतं: भीड. आणि आमची आजी लगेच पुढचं म्हणायची, भीड ही भिकेची बहीण.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबरात एका गुरुवारी 'वाय ख्रू' झाला. ख्रू म्हणजे गुरू. थाई भाषेतसुद्धा गुरुवार बृहस्पतीचाच. मुलं गुडघ्यांवर सरकत येतात, डोकं जमिनीला टेकवून नमस्कार करतात आणि हातात फुलं देतात. माझ्या हातात आली ती चक्क दूर्वांची जुडी! सोबत रुक्मिणीची लाल फुलं आणि वांग्याचं एक फूल. मी दूर्वा निवडायला लागले, तीन पात्यांच्या आहेत का बघायला, तर शेजारून पी कुजबुजली, 'असं नाही, नुसतं घ्यायचं.' दूर्वा का, तर तुडवली तरी पसरत जाते म्हणून. मुलाचं ज्ञान तसं वाढावं. रुक्मिणीची कळी टोकदार, तशी बुद्धी. वांग्याचं फूल मान खाली घालून उमलतं, म्हणून नम्रता. नम्रता विद्यार्थ्याची, हे मी मनात दोनदा घोकलं. सातवीतला सगळ्यात वांड मुलगा नमस्कार करून उठताना डोळे पुसत होता. तो दिवस मी कशालाच विकणार नाही. मालकीणबाईंनी तोही विकला, पुढच्या वर्षीच्या पत्रकावर तोच फोटो होता.

तर निळी वही. तिचा अर्थ मला दुसऱ्या वर्षी नीट कळला. व्हिसा शाळेच्या नावावर, कामाचा परवाना शाळेच्या नावावर, आणि शिक्षक परिषदेची दोन वर्षांची तात्पुरती शिकवण्याची परवानगी, तीही शाळेनेच अर्ज करून आणलेली. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. विसरलात तर २,००० बाट दंड. आणि नोकरी ज्या दिवशी संपते त्याच दिवशी देशात राहायची मुदत संपते. १,९०० बाट भरले तर सात दिवस वाढवून मिळू शकतात. सात दिवसांत खोलीचं डिपॉझिट सोडवायचं, बँक बघायची, सामान विकायचं, तिकीट काढायचं. नवी नोकरी? जुनी शाळा कागद सोडेल तेव्हा. कुणाला धमकी द्यावी लागत नाही. मीटिंगमध्ये कुणी जास्त बोललं की मालकीणबाई गोड हसून विचारायच्या, "तुमचं रिन्यूअल कधी आहे हो?"

१८ मार्च २०२० पासून कोविडमुळे शाळा बंद झाल्या. आम्ही ऑनलाइन शिकवू लागलो. मी खोलीतल्या कपाटाच्या दाराला व्हाइटबोर्ड टांगला होता, दार हललं की वर्तुळाची लंबवर्तुळं व्हायची. एप्रिलमध्ये एकेकाला ऑफिसात बोलावलं. टेबलावर थाई मजकुराचा कागद, खाली इंग्रजीत दोन ओळी: मी स्वखुशीने निम्मा पगार स्वीकारत आहे. काम पूर्ण, पगार निम्मा, खुशी माझी.

फिलिपिन्सवाल्या सहकारिणीने तो कागद ऑफिसात वाचला. पूर्ण. मग म्हणाली, उद्या सांगते. रात्री तिने मला थायलंडच्या खासगी शाळा कायद्याचा इंग्रजी तर्जुमा पाठवला. २००७ चा कायदा, कलम ८६. खासगी शाळांना कामगार संरक्षण कायदा थेट लागू होत नाही, पण शिक्षकांना त्या कायद्यापेक्षा कमी लाभ देता येत नाहीत. कामगार न्यायालयात फी लागत नाही, हेही तिनेच शोधलं होतं. मला दोन वर्षांत यातलं काहीही शोधावंसं वाटलं नव्हतं. तिने विचारलं, "दोघींनी मिळून नाही म्हणायचं का?"

मी तोवर सही करून आले होते.

दोन दिवसांनी तिनेही केली. तिची दोन मुलं मनिलात आजीकडे होती, आणि त्या एप्रिलमध्ये विमानंच बंद होती. सही करून आल्यावर मला म्हणाली, "आता आपण खरंच सारख्या झालो, निम्म्यावर." माझा खोटेपणा तिला कळला होता की नाही, ते त्या वाक्यावरून मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी सुटले ते योगायोगाने. त्या काळात थाई सरकारने अडकलेल्या परदेशी लोकांची मुदत ३१ जुलैपर्यंत आपोआप वाढवली, पुढे ती २६ सप्टेंबरपर्यंत गेली. म्हणजे तेवढे काही महिने ते सात दिवसांचं घड्याळ बंद पडलं होतं. मी जूनअखेर राजीनामा दिला. निळी वही रद्द करायला नेताना ती पुन्हा माझ्या हातात आली. तोवर मला थोडं थाई वाचता येत होतं. हुद्द्याच्या जागी 'ख्रू' लिहिलेलं ओळखता आलं. ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने अडकलेल्यांसाठी सोडलेल्या 'वंदे भारत'च्या विमानात नंबर लागला. शेवटच्या महिन्याच्या पगारातले ९,४०० बाट 'बाकी नंतर बघू' म्हणून राहिले ते राहिलेच.

मी त्या विद्यार्थिनीला 'जाऊ नकोस' म्हणणार नाही. इथे तिला बारा हजारांवर सही करून किती हातात मिळतील हे मला माहीत आहे. तिला एवढंच कळवलं: टूरिस्ट व्हिसावर पाय ठेवू नकोस, पगार दहा महिने मिळणार की सुट्ट्यांसकट बारा महिने ते लिहून घे, थाई आणि इंग्रजी मजकुरांत फरक निघाला तर कुठला धरायचा ते विचार, कामाचा परवाना किंवा निदान त्याची पूर्ण प्रत स्वतःकडे ठेव. आणि तिथे आधीपासून असलेल्या एखाद्या फिलिपिनो शिक्षिकेशी बोल, मालकांशी नंतर.

काल तिचा फोन आला. बोलणं झालं म्हणे, एकदम गोड माणसं आहेत.

"बारा महिन्यांचं विचारलंस?"

"नाही मॅडम. पहिल्याच कॉलवर भीड वाटली हो."