प्लेटमागे उभे राहताना

सोलापुरात एप्रिलच्या उन्हात, अंगावर छातीचे कवच आणि चेहऱ्यावर जाळीचा मास्क चढवून बेसबॉलच्या सामन्यात प्लेट अंपायर म्हणून, म्हणजे बॅटरसमोरच्या जमिनीवरील प्लेटमागून प्रत्येक चेंडूचा निर्णय देणारा पंच म्हणून, उभे राहिले, की चुकीच्या पवित्र्याची किंमत तिसऱ्या-चौथ्या डावापासूनच कंबर आणि गुडघे वसूल करू लागतात. सुरुवातीची दोन वर्षे मी पाय जवळ ठेवून कमरेत वाकत असे, आणि चेंडू आला की नकळत मान वळवत असे. ही दुसरी सवय अधिक घातक, कारण मास्क समोरून बसणारा मार पेलतो, वळलेल्या मानेची बाजू मात्र उघडी पडते.

आता मी चेंडू झेलायला प्लेटमागे बसलेल्या कॅचरच्या थेट पाठीमागे न राहता तो आणि बॅटर यांच्यामधल्या फटीत उभा राहतो. उजव्या हाताचा बॅटर असेल तर डावा पाय पुढे, आणि उजव्या पायाची बोटे डाव्या टाचेच्या रेषेत; पायांत खांद्यांहून जास्त अंतर, हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या माथ्याइतकी उंच. खाली जायचे ते गुडघे वाकवून. डोके स्थिर ठेवून केवळ नजरेने चेंडूचा माग घेतला, तर १७ इंच रुंदीच्या प्लेटची बाहेरची कडही नीट दिसते. फटीकडचा हात पोटाशी आडवा धरावा, आणि दोन चेंडूंच्या मध्ये सरळ उभे राहून पायांना विसावा द्यावा.